ळच्या पोटात जागा

काकांनी मोबाइल टेबलावरून माझ्याकडे सरकवला. स्क्रीनवर गुळाचं पाकीट होतं. खाकी कागद, बारीक रेघेत काढलेलं उसाचं कांडं, खाली गोल शिक्का. त्यांनी बोटानं पुढं ढकललं. दुसरं पाकीट, पुन्हा तेच. तिसरं तर मधाचं होतं, पण उसाच्या जागी फूल सोडलं तर बाकी सगळं माझंच. म्हणजे त्यांच्या गुळासाठी मी केलेलं, दहा मिनिटांपूर्वी मोठ्या तोऱ्यात उलगडून दाखवलेलं डिझाइन.

"तू चोरलंस असं मी म्हणत नाही, पोरी," काका म्हणाले. "पण मग ह्यातलं आमचं कुठलं?"

मी चोरलं नव्हतं, हे खरंच. पण त्या आठवड्यात पिंटरेस्टवर गूळ, साखर, मध, मसाले असं काय काय शोधून शे-दीडशे चित्रं साठवली होती, आणि हात आपोआप त्यांच्या सरासरीवर जाऊन बसला होता. काकांनी जाता जाता आणखी एक बोट ठेवलं. "आणि हा कोल्हापुरीतला ल आपला न्हवं. हिंदीतला हाय." माणूस ऊस उत्पादक, कागलकडचा, स्वतःचं गुऱ्हाळ चालवणारा. त्याला दिसलं आणि जाहिरातकलेची पदवी घेतलेल्या मला दिसलं नाही. हिंदीतला उभ्या रेघेचा, म्हणजे दंडाचा ल आणि मराठीतला पाकळीचा ल हा फरक आम्हाला शिकवलाच नव्हता असं नाही. महाराष्ट्र शासनानं २००९ मध्ये प्रमाण वर्णमाला ठरवताना पाकळीचा ल आणि देठाचा श घ्या असं सांगितलंय, तेही वर्गात ऐकलेलं. पण फाँट निवडताना मी रोमन अक्षरांकडं बघून निवडला होता आणि देवनागरी जी आली ती घेतली होती.

बॉस रागावले नाहीत. "गुऱ्हाळ दिवाळीनंतर पेटणार, माल संक्रांतीला बाजारात. वेळ आहे. काहीतरी फ्रेश कर," एवढंच. आमच्या धंद्यात "फ्रेश कर" हे वाक्य दिवसातून तीनदा ऐकू येतं आणि त्याचा अर्थ सांगणाऱ्याला माहीत नसतो. पुण्यात नोकरीला लागून मला दीड वर्ष झालं होतं. कॉलेजात मी वर्गातली हुशार मुलगी. इथं सकाळी एकादशीची पोस्ट, दुपारी बिल्डरचं ब्रोशर, संध्याकाळी कुणाच्या तरी वर्धापनदिनाचं क्रिएटिव्ह. आपल्याला आता काही सुचत नाही, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सुचत नाही हे खरं तर कळतही नव्हतं, कारण रोज काहीतरी तयार होत होतं.

दिवाळीला कोल्हापूरला गेले. मामाचं शाहूपुरीत फ्लेक्सचं दुकान आहे. दिवाळीत तिथं बसायला जागा नसते. दहा बाय पंधराचा फ्लेक्स, वर नेत्यांच्या सात मुंड्या, मधे भाऊ, खाली चाळीस शुभेच्छुक, आणि प्रत्येक शुभेच्छुकाला आपला फोटो शेजारच्यापेक्षा लहान आल्याची खात्री. ऑपरेटर पोरगा कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटोंची कापाकापी करत होता. मी फ्लेक्स टांगायच्या भोकांना आयलेट, म्हणजे धातूच्या कड्या, मारून देत होते. कॉलेजात असताना मी या दुकानाची मैत्रिणींसमोर चेष्टा करायचे, हे मामाला माहीत आहे की नाही कोण जाणे.

फ्लेक्सचं मशीन यायच्या आधी मामा पेंटर होता. बोर्ड, ट्रकचे फाळके, भिंती, निवडणुका. त्याच्याही आधी, १९२०च्या दशकात, याच गावात बाबूराव पेंटर स्वतःच्या सिनेमांची पोस्टरं स्वतः रंगवत होते, त्यामुळं 'पेंटर' ही कोल्हापुरात नावामागं लावायची पदवी होती. मामाला लोक अजून 'पेंटर' म्हणूनच हाक मारतात, ब्रश सुटून बरीच वर्षं झाली तरी. पाडव्याच्या दिवशी गल्लीतला एकजण नवा टेम्पो घेऊन आला आणि म्हणाला, स्टिकर नको, हातानं श्री काढून द्या. मामानं माळ्यावरून पत्र्याची पेटी काढली.

मी ते बघत उभी राहिले, आणि पहिल्यांदा नीट बघितलं. आधी दोरा खडूच्या भुकटीतून ओढला. एक टोक मला धरायला लावलं, दुसरं स्वतः धरून दोरा ताणला आणि मधे चिमटीत उचलून सोडला. टप्. पत्र्यावर पांढरी सरळ रेघ. तशीच खाली दुसरी. मग खडूनं अक्षरं नुसती सुचवल्यासारखी ठेवली. 'श्री'खाली मालकाच्या गावाचं नाव होतं, 'हळदी'. त्यानं आधी ह काढला, मग शेवटचा दी, आणि मधल्या जागेत ळला बसवलं. मनगट डाव्या हातातल्या काठीवर टेकलेलं. ब्रश ऑइलपेंटमधे बुडवून डब्याच्या काठावर दोन्ही बाजूंनी पुसून चपटा केला. शिरोरेघ सगळ्यात शेवटी, एका श्वासात.

"ळ एवढा मोठा का काढलास?" मी विचारलं. कारण तो ह आणि दपेक्षा ठळकपणे रुंद होता.

"पोटात जागा नको व्हय? रंग पसरतोय की. उद्या वाळल्यावर बघ, आत्ता दिसतंय त्याच्या निम्मी जागा ऱ्हाईल. बारीक काढला तर लांबनं नुसता डाग दिसतोय." मग रस्ता ओलांडून पलीकडं गेला, डोळे बारीक करून बघितलं, परत आला आणि ळच्या उजव्या कुशीतला रंग फडक्यानं किंचित पुसून काढला.

मी कुठलीतरी दिव्य गोष्ट शोधून काढली असं मला तेव्हा अजिबात वाटलं नाही. वाटलं ते एवढंच, की मामा एका अक्षराकडं वीस मिनिटं बघतो. मी गेल्या दीड वर्षात कुठल्याच गोष्टीकडं वीस मिनिटं बघितलेलं नव्हतं. पिंटरेस्टवर एका चित्राला मी किती वेळ देत असेन? सेकंद, दोन सेकंद.

दुसऱ्या दिवशी काकांच्या गुऱ्हाळावर गेले. ते नुकतंच पेटलं होतं. पाकीट करायला घेतलं तेव्हा मी गूळ कसा होतो याचे व्हिडिओ पाहिले होते, त्यात सगळं सोनेरी आणि धुकट दिसतं. प्रत्यक्षात गुऱ्हाळ काळं असतं. चुलवाणात चिपाड जळत असतं, त्याची काजळी पत्र्याला, खांबाला, माणसांना. मधोमध भलीमोठी काहील, तिच्यातून वाफ. भेंडीच्या खोडाचा चिकट रस घातला की मळी वर येते, ती झाऱ्यानं काढत राहायची. गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, सगळ्यात शांत. तो अधूनमधून पाक थंड पाण्यात टाकून बोटांनी गोळी करून बघत होता. त्याच्यासमोर घड्याळ नव्हतं, थर्मामीटर नव्हता. मग एकदम "उतरा" म्हणाला आणि चार माणसांनी काहील वाफ्यात उलटी केली.

तो पाक पडताना मी बघितला. पातळ असतो तेव्हा सरळ पडतो. घट्ट व्हायला लागला की पडता पडता स्वतःवरच दुमडतो, एक वळण, त्यावर दुसरं. तेव्हा ळ वगैरे काही डोक्यात आलं नाही, खोटं कशाला सांगू. मी फक्त वहीत दुमड काढली, पाच-सहा वेळा, आणि बाजूला लिहिलं, 'सोनेरी नाही. काळं.' काकांनी आणखी एक दाखवलं. बिनरसायनाचा गूळ काळपट तांबूस होतो. बाजारात पिवळा मागतात, म्हणून मग हायड्रॉस पावडर घालून उजळवतात. काका घालत नाहीत. म्हणजे ज्या रंगासाठी गिऱ्हाईक नाक मुरडतं तोच त्यांचा रंग, आणि मी पाकिटावर सोनेरी ढेप काढली होती.

पुण्यात परत आले आणि स्वतःला एक काम लावून घेतलं. बार्सिलोनात २०१४ मध्ये सुरू झालेला एक उपक्रम आमच्या पिढीतल्या सगळ्या डिझायनरांना माहीत आहे, छत्तीस दिवस रोज एक रोमन अक्षर किंवा आकडा काढायचा. सव्वीस अक्षरं, दहा आकडे. मी कॉलेजात तो दोनदा सुरू करून दोनदा सोडला होता. या वेळी सहज क पासून ज्ञ पर्यंत मोजलं. ळ, क्ष, ज्ञ धरून बरोबर छत्तीस. हसूच आलं.

नियम तीन. अक्षर काळ्या शाईत, एकाच आकारात. वेळ चाळीस मिनिटं, सकाळी, फोन दुसऱ्या खोलीत. आणि अक्षराची सुरुवात हातात धरलेल्या किंवा समोर उभं राहून बघितलेल्या वस्तूपासून करायची, स्क्रीनवरच्या नाही. हा तिसरा नियम जीवघेणा निघाला.

क बरा गेला. आदल्या रविवारी राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांच्या कपाटापुढं तासभर बसले होते. अडकित्ता उघडा धरला की मधला खिळा आणि दोन्हीकडचे पसरलेले दांडे, यांत क दडलेला असतोच. ख, ग, घ ठीक. ङला पाचव्या दिवशी गाडी अडली. ङनं सुरू होणारी वस्तू नाही, ङ सारखी दिसणारीही मिळेना. ड काढून शेजारी टिंब दिलं आणि आंघोळीला गेले. ठला बसचं चाक काढलं. ते काढताना मलाच कळत होतं की हे कुणालाही सुचलं असतं, पण वहीत ठेवलं. सगळं ठेवायचं असं ठरवलेलं. झ मात्र अजून आवडतो. तुळशीबागेत झारे-पळ्या टांगलेल्या दुकानाची सावली दुपारी फरशीवर पडते, त्यातून आला.

या फिरण्यात एक गोष्ट घडली ती अशी, की मी पाट्या वाचणं सोडून बघायला लागले. अप्पा बळवंत चौकात वह्या-पुस्तकांच्या गठ्ठ्यांवर मार्करनं लिहिलेली नावं, रविवार पेठेतल्या जुन्या दुकानांच्या उठावाच्या लाकडी पाट्या, बसच्या कपाळावरचे ठिपक्या-ठिपक्यांचे आकडे. ठिपक्यांच्या पाटीवर जोडाक्षराचं काय होतं ते कधी बघा. ऑफिसातल्या एका सीनियरनं त्याच्या वडिलांनी जपलेली नाटकांच्या जाहिरातींची कात्रणं आणून दिली. त्यांत बरीचशी अक्षरं कमल शेडगे यांची. कॉलेजात त्यांचं नाव परीक्षेपुरतं लिहिलं होतं. आता कात्रण आणि भिंग घेऊन बसले तेव्हा दिसलं, की हा माणूस चित्र काढतच नाही. सगळं काम शिरोरेघ कुठं तोडायची, काना किती लांबवायचा, यातच उरकतो. आणि ते वर्तमानपत्राच्या कागदावर, जिथं शाई पसरणारच हे धरून. मामाचंच म्हणणं.

आणखी एकदा स्वतःची लाज वाटली. आम्ही सगळे मंगल फाँटला नावं ठेवतो. सरकारी पत्रासारखा दिसतो, म्हणून. तो र. कृ. जोशींनी केलाय, ज्यांनी सुलेखनात आणि आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवण्यात आयुष्य घालवलं, हे मला माहीतच नव्हतं. त्या काळच्या जाड पिक्सेलच्या पडद्यावर बारीक आकारात जोडाक्षरं वाचता यावीत, हे त्या फाँटाचं काम होतं. मी त्याला अठ्ठेचाळीस पॉइंटात लग्नपत्रिकेवर बघून हसत होते.

ळ यादीत चौतिसावा. मधे मी सात दिवस बुडवले होते, एकदा तापानं आणि बाकी आळसानं. क्रमानं गेले असते तर संक्रांत उलटली असती. म्हणून एकोणिसाव्या अक्षरावर क्रम मोडला आणि ळ काढायला बसले.

ळ हे मराठी डिझायनरचं जुनं दुखणं आहे. एकही मराठी शब्द ळनं सुरू होत नाही, म्हणून नमुना दाखवताना तो कुणी काढत नाही. प्रमाण हिंदीत तो लागत नाही, म्हणून हिंदी डोळ्यापुढं ठेवून केलेल्या कितीतरी फाँटांत तो शेवटच्या दिवशी उरकल्यासारखा दिसतो, दोन सारखी वेटोळी शेजारी शेजारी चिकटवलेली. आणि माझ्या कामात तर ळशिवाय काहीच नव्हतं. गूळ, गुळव्या, गुऱ्हाळ, मळी, तिळगूळ. जाता जाता, काकांच्या जुन्या पिशव्यांवर सगळीकडं 'गुळ' असं ऱ्हस्व छापलेलं होतं. सुटा शब्द असेल तर गूळ दीर्घ, गुळाचा म्हटलं की ऱ्हस्व. दीर्घ ऊकार मिळाला याचा मला वेगळाच आनंद झाला, कारण त्याला खाली लांब झोका देता येतो.

पहिले वीसेक ळ मी सजवले. शेपटीला उसाचं पातं, पोटात थेंब. एकेक बघताना काकांचा मोबाइल आठवायचा. मग मामाची पद्धत करून बघितली. जुना पेपर आडवा धरला, म्हणजे त्यातल्या ओळी आणि कॉलमच्या रेघा आयत्या मिळतात, आणि चपट्या ब्रशनं नुसते ळ काढत सुटले. काही विचार न करता, हात दुखेपर्यंत. साठाच्या आसपास कधीतरी ब्रशमधली शाई घट्ट झाली होती आणि डावं वेटोळं वळवताना ती ओघळून खालच्या बाजूला साचली. वर बारीक, खाली जड. दुमडलेल्या पाकासारखं. वही उघडून गुऱ्हाळावरच्या दुमडी बघितल्या. हात आधीच तिथं गेला होता, मला मागून कळलं.

मग तेच तंत्र तिन्ही जागी लावलं. गचा दंड तळाशी जड, ऊकाराचा झोका दुमडून थांबणारा, ळ खाली बसलेला, ढेप फरशीवर बसते तसा. एकच रंग, काळा. उसाचं चित्र नाही, शिक्का नाही. 'कोल्हापुरी' हा शब्द वर लहान, तो तयार फाँटात. त्यात ल पाकळीचा. बऱ्याच चांगल्या युनिकोड फाँटांत ही मराठी रूपं आत असतात, सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली की बाहेर येतात. एवढं सोपं होतं ते. कागद मात्र खाकीच राहिला, कारण काकांनी खोकी आधीच घेऊन ठेवली होती.

काकांच्या घरी दाखवायला गेले तेव्हा काकी म्हणाल्या, "काळं व्हय? सणाच्या जिनसेला?" मी काही बोलायच्या आत आतून आजींचा आवाज आला, "संक्रांतीला काळंच नेसत्यात की." विषय संपला. काका बराच वेळ खोक्याकडं बघत होते. मग मोबाइल काढला. माझ्या पोटात गोळा. पण त्यांनी फक्त फोटो काढून गुळव्याला पाठवला.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण डिसेंबर संपता संपता पाव किलोच्या खोक्यांची छपाई झाली आणि पहिली दोनशे खोकी हातात आली तेव्हा त्यांच्यावर ळ नव्हता. ळच्या जागी काळा गोळा होता. एक किलोच्या खोक्यावर सुरेख दिसणारं अक्षर मी पाव किलोसाठी नुसतं लहान केलं होतं. कच्चा खाकी कागद शाई पितो, शाई पसरली आणि दोन्ही पोटं भरून गेली. मामानं पाडव्याला सांगितलेलं वाक्य शब्दशः. मी ते वहीत लिहूनही ठेवलं होतं, बाजूला छान चित्र काढून.

छापखान्याची चूक नव्हती, त्यामुळं कुणावर ओरडायची सोय नव्हती. बॉसना सांगितलं. त्यांनी दोनशे खोक्यांचे पैसे ऑफिसकडून भरले आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. मी लहान आकारासाठी शब्द वेगळा काढला. ळ जवळजवळ दीडपट रुंद, पोटं उघडी, वेटोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांत मुद्दाम खाचा, शाईला जायला जागा. कॉम्प्युटरवर तो बेढब दिसतो. छापून आला की गूळ दिसतो. चार जानेवारीला ही दुसरी खोकी आली.

छत्तीस अक्षरं पुरी व्हायला फेब्रुवारी उजाडला. त्यातली नऊ मला आवडतात, ङ अजून आवडत नाही. पिंटरेस्ट मी बंद केलेलं नाही. वर्धापनदिनाच्या पोस्टा आजही तिथूनच निघतात, साडेपाचला मागितलेली गोष्ट सहाला द्यायची असेल तर अडकित्ता बघायला कोण जाणार? पण पाकीट, नाव, पाटी असलं काम आलं की पहिला दिवस मी ऑफिसातून बाहेर काढायला शिकले आहे. बॉस त्याला "साइट व्हिजिट" म्हणतात, तसं लिहिलं की बिलात धरता येतं.

मामाला खोकं पाठवलं होतं. त्याचा फोन आला. "ळ बरा झालाय. काकांच्या टेम्पोवर लावायचाय म्हणत्यात, फाइल धाड. आणि जुन्या कोरलमधे सेव्ह करून धाड, आपल्याकडं नवं उघडत न्हाई." पाठवली. आठवड्यानं काकांनी टेम्पोचा फोटो टाकला. मागच्या सगळ्या फाळक्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, माझा गूळ. ऑपरेटर पोरानं दोन्ही बाजूंनी धरून आडवा ताणला होता. ग लोळत होता, ऊकार सपाट झाला होता.

मी मामाला फोन लावला.

"व्हय, बघितलं मी," मामा म्हणाला. "पण ळच्या पोटात जागा बघ की किती झाली."